शिडाच्या बोटीसाठी शौचकूप घेताना: हातपंप की विजेची मोटर?

तीस फुटांच्या आसपासची, एकच शौचकूप असलेली आणि कोकण किनाऱ्यावर नांगरून ठेवलेली शिडाची बोट असेल, तर तिच्यात हातपंपाचेच शौचकूप बसवावे, आणि तेही मोठ्या भांड्याचे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. कोल्हापुरातील आम्हा काही मित्रांची सामायिक मालकीची अशी एक बोट विजयदुर्गजवळ वाघोटन खाडीत असते. तिच्यावर आम्ही जॅब्स्को कंपनीचे, मूठ फिरवून दट्ट्या खाली अडकवता येणारे हातपंपाचे शौचकूप वापरतो. ओळखीतल्या दुसऱ्या एका बोटीवर विजेवर चालणारे शौचकूप आहे आणि त्याच्या जोडणीत व दुरुस्तीत माझाही हात राहिला आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत पंप आणि व्हॉल्व्ह यांच्या सुट्या भागांचे मशिनिंग करण्यात आयुष्य गेल्यामुळे या दोन्ही यंत्रांकडे मी गिऱ्हाइकाइतकाच कारागिराच्याही नजरेने पाहतो.

हातपंपाची रचना साधी आहे. भांड्याशेजारच्या उभ्या नळकांड्यात एकच दट्ट्या असतो. त्याची एक बाजू समुद्राचे पाणी ओढून भांड्यात सोडते आणि दुसरी बाजू भांड्यातील मैला ओढून बाहेरच्या नळीत ढकलते. पंपाच्या डोक्यावरची खिट्टी एका बाजूला केली की पाणी आत येते, दुसऱ्या बाजूला केली की पाणी थांबून भांडे कोरडे होते. आत येणारी नळी 19 मिलिमीटरची, बाहेर जाणारी 38 मिलिमीटरची, आणि बाहेरच्या वाटेवर पाणी उलटे येऊ नये म्हणून चोचीच्या आकाराचा एक रबरी व्हॉल्व्ह, ज्याला सगळे जोकर व्हॉल्व्ह म्हणतात. एवढेच ते यंत्र.

या यंत्राचा सर्वांत मोठा गुण असा की ते बिघडण्यापूर्वी सांगते. मूठ जड चालू लागली तर नळकांडे कोरडे पडले आहे. दांड्याच्या ग्लँडपाशी, म्हणजे दांडा जिथून नळकांड्यात शिरतो तिथे, पाण्याचे थेंब दिसू लागले तर तिथले सील झिजले आहे. हापसून कोरड्या केलेल्या भांड्यात थोड्या वेळाने पाणी परत चढलेले दिसले तर जोकर व्हॉल्व्हच्या चोचीचे ओठ नीट मिटत नाहीत. या तिन्ही गोष्टी एका छोट्या डब्यात मावणाऱ्या रबरी भागांनी आणि एका स्क्रूड्रायव्हरने बोटीवरच दुरुस्त होतात. ज्या खाडीत मासेमारी जेटीपलीकडे कोणतीही सोय नाही आणि जिथून कोल्हापूरला यायचे तर गगनबावड्याचा घाट चढावा लागतो, तिथे या गुणाचे मोल फार आहे.

हातपंपाचा दोष यंत्रात कमी आणि वापरात जास्त आहे. पाहुणे पुरेसे हापसत नाहीत. भांडे स्वच्छ दिसले की काम झाले असे त्यांना वाटते. पण 38 मिलिमीटर व्यासाच्या एका मीटर नळीत एक लिटरहून थोडे अधिक द्रव मावते, म्हणजे तीन मीटर नळी असेल तर भांडे रिकामे झाल्यावरही जवळपास साडेतीन लिटर मैलापाणी नळीतच उभे राहते. त्याचा वास पुढे नळीच्या भिंतीतून झिरपतो आणि मग साऱ्या केबिनला लागतो. म्हणून भांडे स्वच्छ झाल्यावरही मोजून पंधरा-वीस वेळा हापसावे, अशी सूचना आम्ही शौचकुपाच्या दारावर मराठीतच लावली आहे. मोठ्या भांड्याचा आग्रह मी धरतो तो बसण्याच्या सोयीसाठी. लहान भांडे बोट बांधणाऱ्याची जागा वाचवते, परंतु कलत्या बोटीवर त्यावर बसणाऱ्याची, विशेषतः बाईमाणसांची, जी ओढाताण होते ती केवळ काही सेंटिमीटरच्या बचतीसाठी सोसायला लावणे योग्य नाही.

विजेच्या शौचकुपाचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. बटण दाबले की मोटर मैला भरडून बारीक करते आणि ठरावीक पाण्यासह पुढे ढकलते. कोण किती हापसेल हा प्रश्नच उरत नाही. प्रथमच बोटीवर आलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. त्याची किंमत हातपंपाच्या काही पट असते आणि रात्री नांगरावर त्याचा आवाज सगळ्या केबिनला जाग आणतो, पण या दोन्ही गोष्टी मी निर्णायक मानत नाही.

‘बॅटरी संपेल’ ही त्याच्याविरुद्धची नेहमीची तक्रारही खरी नाही. 12 व्होल्टवर असा पंप साधारण 20 अँपिअर घेतो आणि एका वेळी वीसेक सेकंद चालतो. हिशेब केला तर एका वापराला 0.11 अँपिअर-तास होतात. दिवसभरात वीस वेळा वापरले तरी सव्वादोन अँपिअर-तासांच्या आतच भागते, आणि 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीला ते जाणवतही नाही. खरी अडचण केबलची आहे, आणि तिच्याकडे आपल्याकडचे वायरमन हमखास दुर्लक्ष करतात, कारण घराच्या 230 व्होल्टच्या जोडणीत 2.5 चौरस मिलिमीटरची वायर 20 अँपिअर सहज वाहून नेते आणि तीच सवय त्यांच्या हाताला असते.

ओळखीतल्या त्या बोटीवर नेमके हेच घडले होते. मोटर गुरगुरायची पण पाती फिरायची नाहीत. मालकाची खात्री झाली होती की यंत्रच खराब आहे. आम्ही बटण दाबून धरून मल्टीमीटर लावला, तेव्हा बॅटरीच्या टोकांवर 12.3 व्होल्ट होते आणि मोटरच्या टोकांवर 10.9. बॅटरीपासून शौचकुपापर्यंत जाण्यायेण्याची मिळून सुमारे दहा मीटर वायर 2.5 चौरस मिलिमीटरची होती आणि जवळजवळ दीड व्होल्ट त्या वायरीतच खर्च होत होता. तेथे 10 चौरस मिलिमीटरची, कथिलाचा मुलामा दिलेल्या तारांची केबल टाकल्यावर घट पाव-अर्ध्या व्होल्टच्या मध्ये आली आणि तोच पंप व्यवस्थित चालू लागला. विजेचे शौचकूप विकत घेणाऱ्याने केबलचा, फ्यूजचा आणि जोडणीच्या मजुरीचा खर्च आधीच यंत्राच्या किमतीत मिळवावा. तसे केले तरच तुलना प्रामाणिक होते.

आपल्या सवयींचा विचार परदेशी माहितीपत्रकांत नसतो. तिथला सगळा भर कागदावर असतो; कोणता कागद विरघळतो, किती टाकावा, भांड्यात टाकावा की वेगळा ठेवावा. आपण पाणी घेतो. याचा फायदा असा की कागद अडकण्याचा प्रश्न दोन्ही प्रकारांत संपतो. तोटा असा की मैल्याची साठवण टाकी लवकर भरते: माणशी दिवसाला पाच वेळा, दर वेळी दोन लिटर धरले तर चार माणसे एका दिवसात 40 लिटर भरतात, आणि त्यात प्रत्येक वेळचे अर्धा लिटर मगाचे पाणी मिळवले की 50 लिटर होतात. जेट स्प्रेची तर मी बोटीवर शिफारसच करत नाही. मोटरच्या तारा आणि बटणाची जोडणी गुडघ्याच्या उंचीवर असते, बंदिस्त जागेत चारी बाजूंनी फवारा उडतो आणि खाऱ्या हवेत ती टोके हिरवी पडायला वेळ लागत नाही. हातपंपाला या पाण्याची कसलीच भीती नाही.

मैला कुठे सोडायचा, यावर मी जरा विस्ताराने लिहितो, कारण विजेच्या शौचकुपाबद्दलचा सर्वांत घातक गैरसमज इथेच आहे. भरडल्याने मैला दिसेनासा होतो, निर्जंतुक होत नाही. मारपोल या जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचे सांडपाण्याविषयीचे चौथे परिशिष्ट 27 सप्टेंबर 2003 पासून अमलात आहे. भरडून निर्जंतुक केलेला मैला किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे आणि तसे काहीही न केलेला मैला बारा सागरी मैलांपलीकडे, म्हणजे साधारण 22 किलोमीटरपलीकडेच सोडावा, असे ते सांगते. ते बंधन आंतरराष्ट्रीय सफरीवरील 400 टनांच्या व त्याहून मोठ्या, किंवा पंधराहून अधिक माणसांसाठी प्रमाणित असलेल्या जहाजांवर आहे, आमच्यासारख्या छोट्या बोटीवर नाही. पण ज्या खाडीत ओहोटीला बायका चिखलात बसून तिसऱ्या आणि कालवे काढतात, त्या खाडीत कायद्याची सूट दाखवून बटण दाबणे मला अक्षम्य वाटते. जयंती नाल्याचे सांडपाणी पंचगंगेत मिसळते म्हणून वर्षानुवर्षे संतापणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांना तर ते मुळीच शोभत नाही. म्हणून शौचकूप कोणतेही असो, साठवण टाकी हवीच, आणि बोटीवर तिला जागा नसेल तर आधी जागा काढावी आणि मगच शौचकूप निवडावे.

दोन्ही प्रकारांत सारखाच असलेला एक धोका जिवावरचा आहे. शौचकुपाचे भांडे बहुतेक वेळा बोटीबाहेरील पाण्याच्या पातळीच्या खाली असते. नळीत एकदा सायफन सुरू झाला की समुद्र आपणहून आत येत राहतो आणि माणसे झोपेत असताना बोट बुडू शकते. यावर उपाय म्हणजे नळीचा उलटा यू आकाराचा वळसा आणि त्याच्या माथ्यावर हवा घेणारी झडप. हा माथा बोट जास्तीत जास्त कलली तरी पाण्याच्या पातळीच्या वर राहिला पाहिजे. मूठ अडकवून दट्ट्या खाली धरणारी सोय उपयोगी आहे, परंतु पाणी आत घेणाऱ्या आणि मैला बाहेर सोडणाऱ्या नळ्या बोटीच्या बुडाला जिथे जोडतात, तिथल्या व्हॉल्व्हची जागा ती घेऊ शकत नाही. बोट सोडताना ते दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचेच.

हा बुडावरचा व्हॉल्व्ह स्वस्तात मिळतो म्हणून प्लंबिंगच्या दुकानातून पितळी आणू नये, हे उद्यमनगरातल्या माणसाने तरी सांगितलेच पाहिजे. खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त हळूहळू निघून जाते. व्हॉल्व्ह बाहेरून जसाच्या तसा दिसतो, आतून मात्र तांबूस, सच्छिद्र आणि ठिसूळ झालेला असतो. तिथे गनमेटल किंवा ब्राँझचेच ओतकाम हवे, अथवा त्यासाठीच बनवलेले मजबूत नायलॉनचे व्हॉल्व्ह.

मे महिन्याच्या अखेरीस बोट काठावर ओढली की नारळी पौर्णिमेपर्यंत ती पाण्यात उतरत नाही, आणि शौचकुपाचे सर्वाधिक नुकसान या न वापरण्याच्या काळात होते. आत उभ्या राहिलेल्या समुद्राच्या पाण्यातील जीव मरून कुजतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. मूत्र आणि खारे पाणी एकत्र आल्याने नळीच्या आत कॅल्शियमचे पूट चढते ते वेगळेच. आमच्या बोटीची जुनी नळी कापली तेव्हा आतला थर पिवळसर पांढरा, खडबडीत आणि चांगलाच जाड होता. नळी फरशीवर आपटली की त्याच्या खपल्या पडत होत्या. आता आम्ही बोट वर घेण्यापूर्वी गोड्या पाण्याने भरपूर हापसतो, पांढरे व्हिनेगर रात्रभर नळीत ठेवतो, मग सगळे कोरडे करून रबरी भागांना सिलिकॉन ग्रीस लावतो. घरगुती फिनेल आणि पाइन तेलाची द्रव्ये बोटीवर आणू नयेत. त्यांनी जोकर व्हॉल्व्हचे रबर फुगते आणि चोच उघडीच राहते.

लॅव्हॅक या इंग्लिश बनावटीच्या शौचकुपाचाही विचार जागा असल्यास करावा. त्याचे झाकण हवाबंद बसते, एकाच पंपाने मैला बाहेर जातो आणि निर्माण झालेल्या पोकळीमुळे नवे पाणी आपोआप आत ओढले जाते. पोकळी ओसरेपर्यंत झाकण उघडत नाही, एवढाच सवयीचा भाग.

ज्यांच्या बोटीवर सांधेदुखी असलेली वडीलधारी माणसे नेहमी येतात, त्यांनी माझे मत बाजूला ठेवून विजेचेच घ्यावे. ज्या हाताला वीस वेळा हापसणे जमत नाही त्याला दुसऱ्याला हाक मारावी लागते, आणि या बाबतीत तशी वेळ कोणावरही येऊ नये. ज्यांना पुढे अशी गरज पडेल असे वाटते, त्यांच्यासाठी जॅब्स्कोचे हातपंपाचे भांडे तसेच ठेवून त्यावर मोटरचा संच बसवण्याची सोय आहे. म्हणून बोटीचे आतले लाकूडकाम एकदा उघडलेच असेल, तर 10 चौरस मिलिमीटरची केबल त्याच वेळी ओढून घ्यावी आणि गरज पडेपर्यंत तिची दोन्ही टोके बंद करून, बॅटरीला न जोडता ठेवावी.