टेल्मिसार्टन की क्लोरथॅलिडोन: पोटॅशियमच्या बाजूने पाहता

टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन या दोन्ही गोळ्या रक्तदाब खात्रीने उतरवतात; परंतु रक्तातील पोटॅशियमला त्या परस्परविरुद्ध दिशांना नेतात, आणि डॉक्टरांनी दोन्ही पर्याय समोर ठेवले असतील तर हा फरक आधी समजून घ्यावा, असे मला आग्रहाने वाटते. रक्तातील पोटॅशियमचे प्रमाण साधारणपणे ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर असते. ते फार घटले किंवा फार वाढले, तर हृदयाची लय बिघडू शकते.

क्लोरथॅलिडोन मूत्रपिंडावाटे मीठ व पाणी बाहेर काढते आणि त्यासोबत पोटॅशियमही जाते. पायांत गोळे येणे, अशक्तपणा, बद्धकोष्ठता ही पोटॅशियम घटल्याची लक्षणे असू शकतात. लघवी वाढवणाऱ्या याच वर्गातील हायड्रोक्लोरोथायझाइड या औषधाशी तिची तुलना करणारी मोठी अमेरिकी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत हृदयविकार टाळण्यात दोन्ही औषधे सारखीच ठरली, पण पोटॅशियम घटल्याची नोंद क्लोरथॅलिडोन घेणाऱ्या ६ टक्के, तर दुसरे औषध घेणाऱ्या ४.४ टक्के रुग्णांत झाली.

टेल्मिसार्टनमुळे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक कमी होते आणि मूत्रपिंड पोटॅशियम राखून ठेवते. मूत्रपिंडे निरोगी असतील तर ही वाढ सहसा किरकोळ असते. मात्र रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावले की वाढणारा घटक) वाढलेले असताना, विशेषतः जोडीला मधुमेह असताना, ती धोक्याची पातळी गाठू शकते, आणि बरेचदा कोणतेही लक्षण न दाखवता. अशा रुग्णाने ‘कमी सोडियमचे’ मीठ आरोग्यदायी समजून घरात आणू नये, कारण त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइडच असते; रोजचे शहाळे आणि स्वतःच्या मनाने घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके यांबाबतही डॉक्टरांना विचारावे. असे असूनही, मधुमेह्याच्या लघवीतून प्रथिने जात असतील तर माझा कल टेल्मिसार्टनकडेच राहील, कारण ती मूत्रपिंडांचे रक्षण करते. गरोदरपणात मात्र ती वर्ज्य आहे.

दोन्ही औषधे एकाच गोळीत दिली, तर पोटॅशियमवरील परिणाम काही अंशी एकमेकांना तोलतात. अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्याच आणखी एका गोळीचा पोटॅशियमवर सहसा परिणाम होत नाही, म्हणून वारंवार रक्ततपासणी शक्य नसलेल्या गावी तिचा विचार जरूर व्हावा.

टेल्मिसार्टन किंवा क्लोरथॅलिडोन सुरू करण्यापूर्वी आणि त्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासून घ्यावे. नमुन्यातील रक्तपेशी फुटल्यासही पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढलेला दिसतो. म्हणून अहवाल पाहून गोळी स्वतःहून बंद न करता तो त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.