जुनी लक्झरी एसयूव्ही मोजक्या पैशांत: चौदा महिने, २१ हजार किलोमीटर

गाडी घेतली तेव्हा मीटरवर १ लाख ३७ हजार किलोमीटर होते, आज १ लाख ५८ हजार आहेत. २००९ चं मॉडेल, तीन लिटरचं व्ही-सिक्स डिझेल इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, कायम फोर-व्हील ड्राइव्ह, चारही चाकांना एअर सस्पेन्शन (स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेने भरलेल्या रबरी स्प्रिंग) आणि वजन अडीच टनांच्या घरात. मी तिसरा मालक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वयाच्या आणि या वर्गातल्या गाड्यांची दुखणी थोड्याफार फरकाने सारखीच असतात. तुमच्या मनात दुसरी कुठली असली तरी खालचं बहुतेक सगळं तिलाही लागू पडेल.

नवी असताना जी किंमत होती तिच्या साधारण एक दशांशात मला ती मिळाली, आणि बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. इंजेक्टर, हेडलाइट, कॉम्प्रेसर यांचे दर आजही त्या नव्या गाडीच्या मापाचेच असतात. म्हणून खरेदी किमतीच्या चाळीस टक्के इतकी रक्कम मी आधीच बाजूला काढून ठेवली होती. पहिल्या वर्षात चाळीसपैकी छत्तीस टक्के गेले, त्यातले निम्म्याहून जास्त पहिल्या चार महिन्यांत. गाडी घेऊन झाल्यावर हातात काहीच उरणार नसेल तर कृपा करून या वाटेला जाऊ नका. तेवढ्याच पैशांत साधी, कमी वयाची गाडी येते आणि ती रात्री झोप लागू देते.

आता मुख्य विषय, एअर सस्पेन्शन. तिसऱ्याच आठवड्यात एका सकाळी पुढचा डावा कोपरा बसलेला दिसला. टायर आणि मडगार्डच्या फटीत एरवी आडवी चार बोटं आरामात जायची, त्या दिवशी दोनही जाईनात. गाडी सुरू केल्यावर कॉम्प्रेसर घरघरला आणि मिनिटभरात ती सरळ झाली. जिथे दाखवली तिथे उत्तर तयार होतं: "कॉम्प्रेसर गेलाय, नवा टाकावा लागेल." मला ते पटलं नाही. जो कॉम्प्रेसर एवढी जड गाडी मिनिटभरात उचलतो तो गेला कसा म्हणायचा? हवा भरणारा चांगला आहे, हवा धरून ठेवणारं कुठेतरी फाटलंय, असा सरळ अर्थ होता.

घरी येऊन गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर घेतली, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि शाम्पूचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून चाकाच्या कमानीतून एअर स्प्रिंगच्या रबरावर मारलं. रबर खाली जिथे स्वतःवरच दुमडतं, त्या घडीत बारीक फेस धरायला लागला. आधी मोहरीएवढे, मग वाटाण्याएवढे बुडबुडे. बोटाने पुसलं की परत तिथेच. उंची खाली घेतल्यावर ती भेग घडीच्या आत लपायची, म्हणून नेहमीच्या उंचीवर गाडी बघणाऱ्याला काही दिसलंच नव्हतं. एक सूचना कळकळीने करतो. नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली अंगाचा कुठलाही भाग घालू नका. आधी जॅक मोड (उंची आपोआप बदलणं थांबवणारी सेटिंग), मग पक्के स्टँड, मगच खाली जायचं. हवा सुटली की ती गाडी सांगून बसत नाही.

पुढच्या दोन्ही एअर स्प्रिंग बदलल्या. एकच फाटली होती, पण दोघींनी सारखंच आयुष्य काढलं होतं आणि दुसरी गेली असती तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागली असती. सोबत कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच, म्हणजे रिलेसुद्धा बदलला. ही अगदी किरकोळ वस्तू आहे, पण तिचे कॉन्टॅक्ट चिकटले तर कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही आणि जळतो. कॉम्प्रेसर मात्र जुनाच ठेवला. फक्त त्याच्या ड्रायरमधले सिलिका जेलचे दाणे बदलून घेतले, कारण गळती असताना तो सारखा चालून भरपूर दमट हवा ओढतो, दाणे ओले होतात आणि मग ते पाणी व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत (चारही स्प्रिंगना हवा वाटणाऱ्या भागापर्यंत) पोचतं. अकरा महिने झाले, रात्रभर उभी राहिली तरी चारही कोपऱ्यांची उंची टेपने मोजून पाच मिलिमीटरच्या आत असते. दर महिन्याला एकदा मोजतो आणि वहीत लिहितो. नुसता कॉम्प्रेसर बदलला असता तर फाटक्या स्प्रिंगने तो नवाही वर्षभरात खाल्ला असता.

म्हणून या गाड्यांसाठी मी एक क्रम लावून घेतलाय: आधी निदान, मग पार्ट. पार्ट बदलून बघू, लागला तर लागला, ही पद्धत साध्या गाडीवर परवडते. इथे एकेका अंदाजाची किंमत महिन्याच्या पगाराला भिडते. पहिल्या आठवड्यात मी जो खर्च केला तो स्कॅनरवर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, आणि तो सगळ्यात आधी वसूल झाला. साधा ओबीडी रीडर घेऊन भागत नाही. तो इंजिनचे कोड दाखवतो, पण सस्पेन्शन, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग), दारं, एसी यांच्या मॉड्यूलपर्यंत, म्हणजे त्यांच्या छोट्या कंट्रोल कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही. त्या कंपनीच्या गाड्यांसाठीच बनवलेला, सगळी मॉड्यूल वाचणारा आणि उंचीचं कॅलिब्रेशन करू शकणारा स्कॅनर घ्यावा.

इलेक्ट्रिकच्या भुतांबद्दल सगळेच घाबरवतात. माझ्याही डॅशबोर्डवर पाचव्या महिन्यात एका सकाळी पाच दिवे एकदम लागले: सस्पेन्शन, एबीएस, ट्रॅक्शन, पार्किंग ब्रेक, गिअरबॉक्स. पाच यंत्रणा एका रात्रीत बिघडत नाहीत. मल्टिमीटर लावला तर बॅटरी ११.९ व्होल्टवर. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी निवांत असताना १२.६ च्या पुढे दाखवते, ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी. व्होल्टेज पडलं की मॉड्यूल एकमेकांशी नीट बोलू शकत नाहीत आणि जो तो आपापली तक्रार नोंदवतो. बॅटरी चार्ज करून कोड पुसले, सगळे दिवे गेले.

पण बॅटरी उतरली का, हे शोधायला एक अख्खा रविवार गेला. बॉनेटचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करून गाडीला बॉनेट बंद असल्याचं भासवलं, दारं लॉक केली आणि चाळीस मिनिटं हात लावला नाही, कारण मॉड्यूल झोपायला तेवढा वेळ घेतात. मग फ्यूज न काढता एकेका फ्यूजच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजत गेलो. जिथे शून्य यायला हवं तिथे आकडा आला की त्या सर्किटमधून करंट जातोय. असल्या गाडीने झोपेत ५० मिलिअँपिअरच्या आत राहायला हवं, माझी ४०० च्या वर ओढत होती. सापडलं ते मागच्या दाराच्या लॉकमधलं मायक्रोस्विच. दार बंद असलं तरी गाडीला ते उघडं वाटायचं, त्यामुळे ती जागीच राहायची. मागचं लॉक स्क्रॅपमधून आणलं आणि काम झालं. नवी बॅटरी घालताना ती एजीएमच (जिच्यातलं ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं) घ्या आणि स्कॅनरने गाडीला तशी नोंद करून द्या, नाहीतर चार्जिंग जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशोबानेच होत राहतं.

गिअरबॉक्स. आधीच्या मालकाने सांगितलं होतं की यातलं ऑइल लाइफटाइम आहे, बदलायचं नसतं. गाडीच्या मॅन्युअलमध्येही तसंच. पण झेडएफसारखी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलायला सांगते. माझ्या गाडीत ते कारखान्यातलंच होतं. सिग्नलला थांबता थांबता दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना मागून कुणीतरी ढकलल्यासारखा धक्का बसायचा. प्लास्टिकचा पॅन खाली आला तेव्हा ऑइल काळं, जळक्या वासाचं, आणि मॅग्नेटवर राखाडी मलम चढलेलं. बोटांवर चोळून बघितलं: गुळगुळीत, कणी लागत नव्हती. एवढ्या वर्षांत असं मलम साठणारच. टोचणारे चुरे निघाले असते तर मी गाडी तिथल्या तिथे विकायला काढली असती. या पॅनमध्येच फिल्टर बसवलेला असतो, त्यामुळे पॅन, गॅस्केट, ऑइल सगळं एकदम येतं. प्रेशर लावून फ्लश करायला मी नकार दिला. पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान स्कॅनरवर बघत ठरवावी लागते. हे न करणाऱ्याच्या हाती गिअरबॉक्स देऊ नये. तीनशे-चारशे किलोमीटर चालल्यावर धक्का गेला. कडाक्याच्या थंडीत पहिली पाच मिनिटं अजून जरासा जाणवतो.

कूलिंगला थोडक्यात उरकतो. थर्मोस्टॅट हाउसिंग, एक्स्पान्शन टँक, जोडनळ्या, सगळं प्लास्टिक. पंधरा वर्षं तापून-निवून ते बिस्किटासारखं होतं. मी फुटायची वाट न बघता वॉटर पंपासोबत ते सगळं एका फेरीत बदललं. कूलंट रंगावरून ओळखू नका, डब्यावरचं स्पेसिफिकेशन वाचा.

सनरूफबद्दल मात्र कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर. पावसाळ्यात गाडीत ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. कार्पेट हाताला कोरडं लागत होतं. पण तळहात जोरात दाबला तर खालच्या जाड फोममधून पाणी वर आलं. सनरूफच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांतून चार बारीक नळ्या खाली जातात, पुढच्या दोन विंडशील्डच्या बाजूच्या खांबातून. एकीत मातीचा आणि पानांचा बोळा अडकला होता, आणि पाणी खाली रस्त्यावर पडायच्या ऐवजी ड्रायव्हरच्या पायांशी उतरत होतं. त्याच कार्पेटखाली वायरिंगचे जोड आणि एक मॉड्यूल असतं. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी वरून हळूहळू सरकवत नळी मोकळी केली. कॉम्प्रेस्ड हवा मारू नका, नळी आतल्या आत जोडावरून निसटली तर छत उतरवावं लागतं. सीट काढून, कार्पेट उचलून चार दिवस पंख्याखाली वाळवलं, जोड कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसले. आता दर पावसाळ्याआधी चारही कोपऱ्यांत पेलाभर पाणी ओततो आणि खाली ठिबकतंय का ते वाकून बघतो.

पार्टच्या बाबतीत पैसे वाचवायची खरी जागा डब्यावरच्या नावात आहे. गाडीची कंपनी बुश (सांध्यातले रबरी तुकडे), फिल्टर, सेन्सर स्वतः बनवत नाही. लेमफॉर्डर, माले, बॉश, साक्स, काँटिनेंटल अशा कंपन्या ते बनवतात आणि तोच पार्ट स्वतःच्या डब्यात बऱ्याच कमी किमतीला विकतात. १७ अक्षरांच्या व्हीआयएनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) पार्ट नंबर काढा, तो नंतर बदललाय का ते बघा, मग मूळ बनवणाऱ्याचा नंबर शोधा. स्क्रॅपमधून मी लॉक, स्विच, आरसा आणि सीटची मोटर आणली. रबर, होज, पंप, एअर स्प्रिंग असलं काही जुनं कधीच आणलं नाही आणि आणणारही नाही. निनावी स्वस्त लोअर आर्म (चाकाला चॅसीशी जोडणारे खालचे दांडे) एकदा घेऊन बघितले होते. सात हजार किलोमीटरवर बुश फाटले, टायरची आतली कड खाल्ली, अलाइनमेंटचे पैसे गेले ते वेगळेच.

टायर चारही एकाच मापाचे, एकाच डिझाइनचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. दोनच नवे घातले तर चाकांच्या परिघात फरक पडतो आणि ट्रान्सफर केसमधलं क्लच तो फरक दिवसभर घासून भरून काढत बसतं. बाजूवरचा चार आकडी कोड वाचायला शिका, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. माझ्या गाडीवर नक्षी भरपूर शिल्लक असलेले, पण नऊ वर्षांचे टायर होते. पहिल्याच महिन्यात काढून टाकले.

ॲव्हरेज शहरात साडेसात, हायवेला साडेदहा. यापेक्षा जास्त सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि नुसतं दोन-चार किलोमीटरचं जाणं-येणं असेल तर डिझेल घेऊच नका. डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जळायला वीसेक मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगाची धाव लागते. दरवेळी ती अर्धवट तोडली तर जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढत जाते. गाडी बंद केल्यावर पंखा जोरात फिरत राहिला तर समजा, काजळी जळत असताना तुम्ही ती मध्येच बंद केली. मी आठवड्यातून एकदा तिला हायवेला काढतोच, आणि लो-ॲश (कमी राख सोडणारं) इंजिन ऑइल १० हजारांवर बदलतो, मॅन्युअलने त्याच्या दुप्पट अंतर दिलं असलं तरी.

एवढा व्याप कशासाठी, हे घरातूनही विचारलं गेलं. सहा तासांच्या प्रवासानंतर आईने उतरताना कंबरेला हात लावला नाही, हे माझं उत्तर. खराब रस्त्यावर ही गाडी खड्डा लपवत नाही, पण त्याचा मार वरपर्यंत येऊ देत नाही. दुहेरी काचेतून बाहेरचा ट्रक दिसतो, ऐकू येत नाही. रात्री पावसात, भरल्या गाडीने घाट चढताना जो भरवसा वाटतो तो याच पैशांतल्या कुठल्याही नव्या गाडीत मला मिळाला नसता.

सध्या पुढून स्पीड ब्रेकरवर उजवीकडे हलकी टकटक आहे. प्राय बारने हलवून बघितलं, वळणावर गाडी कलू न देणाऱ्या अँटी-रोल बारच्या लिंकचा बॉल जॉइंट सैल झालाय. दोन्ही बाजूंच्या लिंक मागवल्यात. ब्रेक फ्लुइडला दोन वर्षं होत आलीत, तेही त्याच दिवशी उरकून टाकेन.