पाटीवरचा ‘पुनर्वसन तज्ज्ञ’ आणि पावतीवर नसलेला नोंदणी क्रमांक

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. मिरजेच्या रुग्णालयातून घरी सोडताना तेथील डॉक्टरांनी त्यांना ‘पीएमआर’च्या, म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन (आजारानंतर शरीराची हालचाल आणि रोजची कामे पुन्हा जमवून देणारे पुनर्वसन) या शाखेच्या डॉक्टरांना दाखवण्यास सांगितले. मिरजेसारखे दवाखान्यांचे गाव शेजारी असूनही हा डॉक्टर कुठे भेटेल, हे औषधाच्या दुकानदारापासून ओळखीच्या नर्सपर्यंत कोणालाही खात्रीने सांगता आले नाही.

अशा वेळी हाती पडले ते एका केंद्राचे पत्रक. ‘खास तेल आणि मशीनने लकवा हमखास बरा’ असा त्यावर दावा होता. केंद्राच्या पाटीवर नावाआधी ‘डॉ.’, नावाखाली ‘पुनर्वसन तज्ज्ञ’ आणि त्यापुढे परदेशी पदवीसारखी दिसणारी आद्याक्षरे होती. या गृहस्थाने डिस्चार्ज कार्ड उलटसुलट करून परत दिले आणि म्हणाला, “काका, यंदा गणपतीच्या मिरवणुकीत तुम्हाला चालवतो की नाही बघा.” पॅकेज 55,000 रुपयांचे होते, मात्र ‘आजच भरले तर’ ते 45,000 रुपयांत मिळणार होते. त्यांपैकी 25,000 रुपये आम्ही फोनवरून पाठवले आणि 20,000 रुपये रोख दिले. रोख रकमेबद्दल मिळाली ती आकडा आणि रबरी शिक्का असलेली एक चिठ्ठी. तिच्यावर ना सही होती, ना नोंदणी क्रमांक.

‘नस जागी करणारे मशीन’ म्हणजे पायाखाली थरथरणारी एक फळी होती. तेवढ्यावर थांबले असते तर केवळ पैसे गेले असते, पण पुढे वडिलांचा लुळा हात भिंतीवरच्या कप्पीच्या दोरीला बांधून डोक्याच्या वर ओढण्यास सुरुवात झाली. झटक्यानंतर खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि हाडाचा गोळा खोबणीतून खाली सरकू शकतो, त्यामुळे असा हात वर ओढल्यास खांद्याला इजा होते. वडील कळवळले की “दुखतंय म्हणजे नस सुटतेय” असे उत्तर मिळे. शेजारची फिजिओथेरपी शिकणारी मुलगी सुट्टीत घरी आली, तिने सुजलेला खांदा पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला तो त्या ‘डॉक्टर’च्या नोंदणी क्रमांकाचा.

डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर ते नाव नव्हते. फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणाऱ्या राज्य परिषदेकडेही नव्हते. जाब विचारल्यावर कुठल्याशा अल्पमुदतीच्या कोर्सचे प्रमाणपत्र पुढे आले आणि “मी डॉक्टर आहे असं मी कधी म्हणालो?” असा उलट प्रश्नही, तोही त्या पाटीखाली बसून!

पीएमआरचा डॉक्टर एमबीबीएसनंतर 3 वर्षांचे एमडी किंवा डीएनबी हे पदव्युत्तर शिक्षण घेतो, तर फिजिओथेरपिस्टची पदवी पूर्णपणे वेगळी असते. उपचारात दोघेही लागतात, पण एकाच्या पाटीवर दुसऱ्याची ओळख लावता येत नाही, आणि आमच्या वाट्याला आलेला गृहस्थ तर दोन्हींपैकी कोणीच नव्हता. वैद्यकीय व्यवसायाच्या 2002च्या नियमांनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि प्रिस्क्रिप्शनवर, प्रमाणपत्रावर व पैशांच्या पावतीवरही देणे बंधनकारक आहे. तसेच औषधाने किंवा चमत्कारी उपायाने लकवा बरा करण्याची जाहिरात 1954च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने निषिद्ध आहे, म्हणजे ते पत्रक हाच एक पुरावा होता.

पैशांपेक्षा मला अधिक सलते ती गेलेली वेळ. झटक्यानंतरची सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, आणि त्यातला मोठा भाग त्या कप्पीखाली गेला. पुढे आम्ही वडिलांना मुंबईत हाजीअलीजवळच्या, 1955 साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत नेले. तेथील डॉक्टरांनी आधी खांद्याला आधार दिला, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (जेवणे, कपडे घालणे अशा रोजच्या कामांचा सराव) ठरवून दिली, आणि मुठीतला ताठरपणा वाढल्यास स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनचा विचार करू असे सांगितले. वडिलांना पुन्हा लिहिता येईल का, या प्रश्नावर मात्र त्यांनी हमी दिली नाही. खऱ्या तज्ज्ञाची ओळख मला या उत्तरात पटली.

बोगस डॉक्टरची तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करता येते. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत जावे लागते आणि दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क पडत नाही. आम्ही दोन्हीकडे अर्ज केले आहेत. फोनवरून पाठवलेल्या 25,000 रुपयांची नोंद बँकेच्या उताऱ्यात आहे. रोख दिलेले 20,000 रुपये मात्र आपल्याला मिळालेच नाहीत, असे त्या गृहस्थाने लेखी कळवले आहे.