रात्री वापरायचा मनगटाचा स्प्लिंट: पट्टी सरळ केली तरच उपयोगाचा

कार्पल टनेलसाठी, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस चेपून हाताला मुंग्या येण्याच्या त्रासासाठी, हा स्प्लिंट (मनगट स्थिर धरणारा आधार) चांगला आहे, पण पाकिटातून काढून तसाच बांधू नका. तळव्याच्या बाजूची ॲल्युमिनियमची पट्टी बहुतेकदा 20 ते 30 अंश मागे वाकवलेली येते. मनगट पुढे वाकलं काय किंवा मागे, बोगद्यातला दाब वाढतो आणि त्यातून अंगठ्याकडच्या बोटांना जाणारी मीडियन नस चेपते. म्हणून पट्टी स्प्लिंटच्या खिशातून बाहेर काढा, टेबलाच्या कडेवर दाबून जवळपास सरळ करा आणि परत घाला.

माप घेताना मनगटाचा घेर मोजा. स्प्लिंटची वरची कड तळहातावरच्या आडव्या रेषेच्या अलीकडेच संपायला हवी, म्हणजे मूठ पूर्ण वळते. वेल्क्रो करकचून आवळणं ही नेहमीची चूक; पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. अस्तर घामाने ओलं होतं, तेवढी खोट आहेच.

किमान सहा आठवडे रोज रात्री वापरा. मुंग्या करंगळीत असतील तर दोष करंगळीकडे जाणाऱ्या अल्नर नसेचा, बहुधा कोपरापाशी. तिथे हा कामाचा नाही. अंगठ्याखालचा उंचवटा सपाट होत असेल, तर स्प्लिंटच्या भरवशावर न राहता लगेच डॉक्टर गाठा.