साठेखत वाचले, कुलमुखत्यारपत्र वाचायचे राहिले

दौंड तालुक्यात खडकवासल्याच्या उजव्या कालव्यावर भिजणारी आमची दोन एकर काळी जमीन आहे. वडिलांनी तिथे उसाखेरीज फारसे काही घेतले नाही, आणि घेण्याची गरजही पडली नाही. 2023 च्या सुरुवातीला, बहिणीच्या लग्नाचे कर्ज डोक्यावर असताना, भावकीतलाच एक मध्यस्थ एका जमीन विकसकाला घेऊन आमच्या ओसरीवर आला. दर चालू भावाच्या दीडपट होता. पाच लाख रुपये विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि उरलेली रक्कम अकृषिक परवानगी (शेतजमीन बिगरशेती कामासाठी वापरण्याची परवानगी) मिळाल्यावर, असे ठरले. वडिलांना कचेरीचे हेलपाटे पडू नयेत म्हणून एक कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, द्यावे, एवढीच त्या विकसकाची विनंती होती.

साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, आणि कुलमुखत्यारपत्र एकाच दिवशी नोंदवले गेले. मी शाळेत शिक्षक आहे, कागद वाचणे हेच माझे काम. तरीही मी साठेखत ओळ न् ओळ वाचले आणि कुलमुखत्यारपत्राची पहिली दोन पाने चाळून वडिलांना सही करायला सांगितले. पुढच्या पानांवर परवानगीचे अर्ज करण्याबरोबरच जमिनीची विक्री करण्याचा, ताबा देण्याचा आणि मोबदला स्वीकारण्याचा अधिकार लिहिलेला होता. हे तिन्ही शब्द ज्या कागदात आहेत, तो परवानगीसाठीचा कागद नव्हे.

गावठाणापासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही, असेही विकसक सांगत असे. महसूल संहितेच्या कलम 42-ड मध्ये तेव्हा अशी तरतूद होती खरी. मात्र प्रादेशिक योजनेत, म्हणजे कुठल्या जागेचा कशासाठी वापर करायचा हे ठरवणाऱ्या सरकारी आराखड्यात, त्या जागेवर तो वापर अनुज्ञेय असावा लागे. आमची जमीन गावठाणापासून मैलभर लांब आणि शेती विभागात. झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात येते याचा दाखला) म्हणून त्याने दाखवलेला कागद दुसऱ्याच गटाचा होता, हे गट क्रमांक ताडून पाहिला असता तर त्याच दिवशी कळले असते. त्यात ‘ई-पीक पाहणी (शेतातल्या पिकाची मोबाइलवरून सातबाऱ्यावर नोंद) करू नका, पीक दिसले की परवानगी अडते’ हा त्याचा सल्लाही आम्ही ऐकला, आणि बारमाही बागायत जमीन सातबाऱ्यावर पड दिसू लागली.

2024 च्या जानेवारीत ऊस तुटून गेल्यावर जेसीबी आला. वरची दोन फूट काळी माती डंपरने वीटभट्टीला गेली आणि मुरूम टाकून रस्ते आखले गेले. मातीचे पैसे त्याने घेतले. विनापरवाना उत्खननाच्या दंडाची तहसील कार्यालयाची नोटीस मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्या वडिलांना आली.

त्यानंतर फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरची नावे बदलण्याच्या, नोटिसा आल्या. बागायत जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा विकता येत नसे ते क्षेत्र, तेव्हा 10 गुंठे असल्याने एक-दोन गुंठ्यांचे खरेदीखत होत नव्हते, म्हणून त्याने अकरा-अकरा गुंठ्यांची तीन खरेदीखते करून प्रत्येकात आठ-दहा जणांची नावे घातली होती. त्या माणसांनी आयुष्याची पुंजी दिली आहे, त्यामुळे त्यांच्यावर राग धरता येत नाही. पण आपला ‘प्लॉट’ नेमका कुठे आहे, हे त्यांच्यापैकी कोणालाही कागदावरून दाखवता येत नाही. आम्ही फेरफारांवर हरकत घेतली, कुलमुखत्यारपत्र रद्द केल्याची जाहीर नोटीस दिली आणि दिवाणी दावा लावला. रद्द करण्याआधी झालेली खरेदीखते मात्र त्या नोटिशीने आपोआप रद्द होत नाहीत, हे वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितले.

विसाराचे पाच लाख वकिलांच्या फीमध्ये आणि दंडाच्या अपिलात केव्हाच संपले. जमिनीत आणखी काही करण्यास मनाई करणारा कोर्टाचा हुकूम मिळाल्यावर उरलेल्या तुकड्यात गेल्या पावसाळ्यात वडिलांनी हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला. तो कडेच्या पट्टीत कमरेएवढा झाला. जिथून माती उचलली होती, तिथे पाणी साचून पिवळा पडला, आणि मुरमाच्या रस्त्यांवर उगवलाच नाही.