मालवणजवळचा होमस्टे, आणि देवळातला कौल

दोन रात्री राहिलो, रूम साधी पण स्वच्छ, सोलकढी आणि बांगड्याचं तिखलं एकदम घरचं. पण लिहायचंय ते होमस्टेवाल्या काकांबद्दल. काकांनी सकाळी आम्हाला त्यांच्या ग्रामदेवतेच्या देवळात नेलं, कारण त्यांच्या चुलतभावाला नवीन होडी घ्यायची होती आणि त्याचा कौल लावायचा होता, म्हणजे देवाला विचारून होकार की नकार ते बघायचं होतं. गुरवांनी ओल्या कळ्या काळ्या पाषाणावर दोन्ही बाजूंना एक एक करून चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवापुढे मोठ्याने विनवणी केली, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि मग नुसती शांतता. समईच्या उजेडात कळीवरचा थेंब चमकत होता. दहाएक मिनिटांनी उजवी कळी पडली, म्हणजे होकार, आणि त्या भावाचे डोळे भरून आले, माझेपण.

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीखसुद्धा कौलानेच ठरते हे माहीत होतं पण समोर बघणं वेगळंच. रात्री ओटीवर काकांशी खूप गप्पा झाल्या, बॅबिलोनचे लोक मेंढीच्या यकृतावरून शकुन बघायचे, चीनमध्ये ३००० वर्षांपूर्वी शांग राजे हाडं आणि कासवाची कवचं तापवून तड्यांवरून उत्तर वाचायचे, आपल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत पक्ष्यांच्या शकुनांवर किती लिहिलंय. काका म्हणाले, "माणूस एकटो निर्णय घेऊक घाबरता रे." मला हे फार पटलं.

तक्रार एकच, गरम पाणी दोन्ही दिवस उशिरा आलं. देवळात फोटो काढू नका, आणि गाऱ्हाणं चालू असताना मधेच प्रश्न विचारू नका प्लीज.