जुन्या बडोद्यातली मुलांची पायी सफर: पैसे वसूल, फक्त घाई कमी करा

शनिवारी सकाळची ही सफर जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या मांडवीपासून सुरू होते आणि रावपुऱ्यात तांबेकर वाड्यापाशी संपते. मी आठ वर्षांच्या भाच्याला घेऊन गेले. दर मिनिटाला 'आत्या, अजून किती?' विचारणारा हा मुलगा, त्यामुळे परीक्षा कडकच होती.

सुरुवात झकास. मांडवीच्या कमानीखाली सफर घेणाऱ्या ताईंनी भाषण दिलंच नाही. "सूर्य कुठून वर आलाय?" एवढंच विचारलं. मुलांनी बोट दाखवलं ते पाणीगेटच्या दिशेने. मग लहेरीपुऱ्याकडे तोंड करून उभं केलं: पाठीशी पाणीगेट, उजवीकडे चांपानेर दरवाजा, डावीकडे गेंडीगेट. चार दिशा, चार वेशी. शाळेत पूर्व-पश्चिम पाठ करणारा आमचा पठ्ठ्या येताना रिक्षावाल्याला दिशा सांगत होता.

खरी मजा मात्र कार्यक्रमात नव्हतीच. उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, जवळ आलेलं, गेंडीगेट रोडवर पतंगांची दुकानं भरलेली. एक काका बांबूची कामटी सुरीने तासत बसले होते. तासायची, वाकवून बघायची, एक बाजू जास्त वाकली की दुसरी तासायची. मुलं उकिडवी बसली. "दोन्हीकडे सारखी का लागते?" एकीने विचारलं. काकांनी हातातली कामटी बोटावर तोलून दाखवली, ती एका अंगाला कलली. "पतंगपण असाच एका बाजूला जाणार." वजन, तोल, वारा, सगळं त्यात आलं. आणि ताई मागून, "चला, चला, उशीर होतोय!" अहो, कशाला उशीर?

सेंट्रल लायब्ररीची परवानगी आधीच काढलेली होती, त्याचे पूर्ण गुण. सयाजीरावांनी 1910 साली सुरू केलेलं हे वाचनालय. पुस्तकांच्या दालनातली जमीन काचेची, वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत यावा म्हणून. डोक्यावरून चालणाऱ्यांच्या चपला खालून बघण्यात पोरं रमली.

तांबेकर वाड्यात मात्र घोळ. 19व्या शतकातल्या दिवाणांचा वाडा, भिंतींवर कृष्णलीला, लढाया, साहेब-मडमा, आणि मुलांना ऐकवली काय तर सनावळी. तोवर ती दमलेली. त्यापेक्षा 'चित्रातले घोडे मोजा' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

फी अडीचशे रुपये, पालकांना निम्मी. पाणी आपलं आपण न्यायचं. सहा वर्षांखालच्यांना नेऊ नका, दुचाक्यांची गर्दी फार. हौशी पालकांनो, मोबाईल खिशात ठेवा, तुमच्या व्हिडिओपायी मागच्या मुलांना काही दिसत नाही. नाश्ता सफरीत नाही. सेवउसळ खायची तर मुलांच्या ताटलीत तिखट तर्री बेताचीच घालायला सांगा.

पाचपैकी चार. पतंगवाल्या काकांना कायमचं घेतलंत तर पाच.